जामीन कोण राहणार? ‘फ्रँकेन्स्टाइन’मधलं एकटेपण आणि जपानचा ॲटम

आजच्या पुस्तकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण ते वाचलेली माणसं क्वचित भेटतात. हॅलोविनच्या दिवसांत इथल्या दुकानांत हिरव्या चेहऱ्याचा, मानेत बोल्ट ठोकलेला मुखवटा लटकत असतो. मुलं बोट दाखवून म्हणतात, “फ्रँकेन्स्टाइन!” आज त्याच कादंबरीबद्दल बोलू या. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’, साल १८१८.

आधी एक गैरसमज दूर करतो. फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव नाही. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा त्याला बनवणारा तरुण. ज्याला बनवलं, त्याला पूर्ण कादंबरीत नावच नाही. आपल्याकडे बाळ जन्मलं की बाराव्या दिवशी पाळण्यात घालून, आत्यानं कानात कुर्र करून नाव ठेवायचं, हे ठरलेलं. नाव ठेवणं म्हणजे “हा आमचा” असं चार माणसांसमोर सांगणं. या बिचाऱ्याचं बारसं झालंच नाही. त्याच्या एकटेपणाची सुरुवात तिथूनच होते.

दुसरा गैरसमज सिनेमानं केला. १९३१ च्या प्रसिद्ध हॉलिवूड चित्रपटात बोरिस कार्लॉफनं केलेला राक्षस नुसता घुमतो, गुरगुरतो. कादंबरीतला मात्र बोलतो, आणि फार सुंदर बोलतो. पुस्तकाच्या मधली अनेक प्रकरणं तो स्वतःची हकिकत स्वतःच्या तोंडानं सांगतो. त्याचं बोलणं काढून घेतलं, तर या कादंबरीत भीती तेवढी उरते.

आता ती लिहिली कशी गेली ते थोडक्यात. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची राख आणि वायू वातावरणात इतके पसरले, की पुढच्या वर्षी युरोपात धड उन्हाळा आलाच नाही. १८१६ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी काही तरुण इंग्रज लेखक पावसामुळे घरात अडकून पडले होते. कवी बायरननं सुचवलं, की प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची. त्यात १८ वर्षांची मेरी होती. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई वारली होती. १८१५ मध्ये तिचं स्वतःचं पहिलं बाळ काही दिवसांचं होऊन गेलं होतं. आईविना वाढलेली, बाळ गमावलेली ही मुलगी जन्म देणाऱ्याच्या जबाबदारीवर कादंबरी लिहिते. १ जानेवारी १८१८ ला ती छापून आली तेव्हा पुस्तकावर तिचं नाव नव्हतं.

गोष्ट अशी. जिनिव्हाचा व्हिक्टर जर्मनीत इंगोलश्टाटला शिकायला जातो. निर्जीव देहात जीव घालायचा ध्यास घेतो. जवळजवळ दोन वर्षं खोलीत कोंडून घेतो आणि घरच्या पत्रांना उत्तरं देत नाही. घर, वडील, मित्र, सगळं असलेला हा माणूस आधी स्वतःच स्वतःला तोडून घेतो. मग नोव्हेंबरच्या एका रात्री त्याचा प्रयोग यशस्वी होतो. तो आठ फुटी देह डोळे उघडतो, आणि व्हिक्टर पळून जातो. पुढे तो त्याच्या पलंगापाशी येतो, हात पुढे करतो, काहीतरी पुटपुटतो. व्हिक्टर पुन्हा पळतो.

मी आयटीतला माणूस, त्यामुळे मला इथे आमचा धंदा आठवल्याशिवाय राहत नाही. दोन वर्षं राबून सिस्टिम उभी करायची, गो-लाइव्हच्या रात्री ती चालू झाली की फोन बंद करून गायब व्हायचं, आणि वर्षभरानं तिनं घोळ घातला की तिलाच शिव्या द्यायच्या. फरक एवढाच, की व्हिक्टरनं सोडून दिलेल्या गोष्टीला थंडी वाजत होती आणि भूक लागत होती.

आता कादंबरीचा गाभा. हा बेवारस जीव रानात भटकत एका झोपडीला लागून असलेल्या खोपट्यात लपतो. भिंतीच्या फटीतून त्याला एक कुटुंब दिसतं. डी लेसी नावाचे आंधळे आजोबा, त्यांचा मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. तो महिनोन्‌महिने त्यांच्याकडे बघत आणि त्यांचं बोलणं ऐकत राहतो. ऐकून ऐकून भाषा शिकतो. आधी आग, दूध, पाव, लाकूड असे साधे शब्द, मग माणसांची नावं, मग ‘चांगला’, ‘दुःखी’ असे न दिसणाऱ्या गोष्टींचे शब्द.

श्रोतेहो, जपानला आल्यावरचे पहिले सहा महिने आठवा. गाडीत, कोंबिनीत, शाळेच्या फाटकाशी उभं राहून आपण दुसऱ्यांचं बोलणं नुसतं ऐकत होतो. कुठला शब्द हसत म्हणायचा आणि कुठला मान झुकवून, हे पुस्तकात कमी आणि फटीतूनच जास्त कळलं. म्हणून ही प्रकरणं परक्या देशात राहिलेल्या माणसाला वेगळीच भिडतात.

तो फक्त भाषा शिकत नाही. सुरुवातीला तो रात्री त्यांचं थोडं अन्न चोरत असतो. ही माणसं गरीब आहेत, आपल्यामुळे ती उपाशी राहतात, असं लक्षात आल्यावर तो चोरी थांबवतो आणि रानातल्या कंदमुळांवर भागवतो. रात्री लाकडं तोडून त्यांच्या दाराशी ठेवतो, वाटेवरचा बर्फ बाजूला करतो. आपण जिला सहानुभूती म्हणतो, ती या कादंबरीत सर्वांत आधी आणि सर्वांत निखळ रूपात त्याच्याकडेच आहे, हे लक्षात ठेवा. ती त्याला कुणी शिकवलेली नाही आणि कुणी त्याबद्दल शाबासकीही देत नाही.

एक दिवस घरात आजोबा एकटे असताना तो धीर करून आत जातो. आजोबांना दिसत नाही. ते त्याचा आवाज ऐकतात, त्याला बसवून घेतात, प्रेमानं विचारपूस करतात. तुझं बोलणं मनापासूनचं वाटतं, असं त्यांचं एकंदर म्हणणं असतं. त्याच्या पूर्ण आयुष्यात त्याच्याशी माणसासारखं वागलेला हा पहिला माणूस. आपण रेडिओवाले आहोत, तेव्हा हे ठासून सांगतो. ज्यानं फक्त ऐकलं, त्याला राक्षस भेटला नाही. त्याला एक थकलेला वाटसरू भेटला.

तेवढ्यात बाकीचे परततात. अगाथा बेशुद्ध पडते. फेलिक्स काठीनं त्याला झोडपतो. मनात आणलं तर तो फेलिक्सचे तुकडे करू शकला असता. तो हात उचलत नाही, निघून जातो.

आता या घरातल्या चौथ्या माणसाकडे बघा. ती सफी, एका तुर्की व्यापाऱ्याची मुलगी. तीही परकी. ती आली तेव्हा तिला त्या घराची भाषा येत नव्हती. किंबहुना फेलिक्स तिला शिकवत होता, तेच धडे भिंतीपलीकडून ऐकून आपला हा शिकला. म्हणजे एकाच वर्गातले दोन विद्यार्थी, एक आत आणि एक बाहेर. सफीला घरात जागा मिळाली, कारण फेलिक्स तिला ओळखत होता, तिच्यावर त्याचं प्रेम होतं, तिच्यासाठी तो उभा होता. या दुसऱ्यासाठी कुणी नव्हतं. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, तो घरात दिसल्यावर सफीसुद्धा दाराबाहेर पळाली. कालपर्यंत परकी असलेली बाई आजच्या परक्याला बघून पळते. आधी येऊन स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांनी ही ओळ मनात ठेवावी.

जपानमध्ये घर भाड्यानं घेताना आपल्याला एक शब्द फार लवकर कळतो, होशोनिन. म्हणजे जामीनदार. आता बऱ्याच ठिकाणी हमी देणाऱ्या कंपन्या असतात, पण प्रश्न तोच असतो. तुमचा पगार दिसतो आहे, कागद बरोबर आहेत, तरी तुमच्या वतीनं कोण उभा राहणार? ‘फ्रँकेन्स्टाइन’ची सगळी शोकांतिका या एका प्रश्नात आहे. त्याच्याकडे भाषा होती, चांगुलपणा होता, कष्टाची तयारी होती. जामीन राहणारा एक माणूस नव्हता. आजोबा राहिले असते, पण तेवढा वेळ मिळाला नाही.

त्यानंतर तो बिघडतो, आणि कादंबरी ते लपवत नाही. तो व्हिक्टरच्या लहान भावाचा, विल्यमचा खून करतो. त्याचा आळ घरातल्या जस्टिन या मुलीवर येतो आणि ती फासावर जाते. इथे व्हिक्टरकडे बघा. जस्टिन निर्दोष आहे हे त्याला ठाऊक आहे. तिच्यासाठी त्याचं काळीज तुटतं. पण खरं काय ते त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. तिच्या बाजूनं न्यायालयात उभी राहून बोलते ती एलिझाबेथ, जिला खरं काय ते माहीतही नाही. कळवळा व्हिक्टरला जास्त आला असेल, पण जस्टिनच्या उपयोगाचं काही केलं ते एलिझाबेथनं, मग त्याला यश आलं नाही तरी.

पुढे तो जीव आपल्या निर्मात्याला गाठून एकच मागणी करतो. माझ्यासारखी एक जोडीदारीण बनव, आम्ही दोघं माणसांपासून दूर निघून जाऊ. व्हिक्टर कबूल होतो, काम सुरू करतो, आणि अर्ध्यावर ते स्वतःच्या हातानं उद्ध्वस्त करतो. मग व्हिक्टरचा मित्र आणि लग्नाच्या रात्री एलिझाबेथ, दोघांचे बळी जातात. “बिचारा” म्हणून हे खून माफ करा, असं मेरी शेली म्हणत नाहीत. खुनी खुनीच राहतो. पण तो कसा घडला, हे ऐकून घेतल्याशिवाय त्या आपल्याला उठू देत नाहीत.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, वाळीत टाकणं. पाणी बंद, विस्तव बंद, लग्नाकार्याला बोलावणं बंद. ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. जातपंचायतींच्या बहिष्काराची प्रकरणं इतकी पुढे आली, की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा मंजूर करावा लागला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. जपानी भाषेत याचा जुळा भाऊ आहे, मुराहाचिबु. ‘मुरा’ म्हणजे गाव, ‘हाचिबु’ म्हणजे आठ भाग. त्याचा अर्थ असा सांगतात, की गावातल्या दहा व्यवहारांपैकी आठ तोडायचे, दोन ठेवायचे. आग लागली तर विझवायला जायचं आणि मयताला जायचं. म्हणजे वाळीत टाकलेल्यालाही दोन भाग मिळत. मेरी शेलींच्या त्या निनावी जीवाला तेही मिळाले नाहीत. कादंबरीच्या शेवटी तो उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावरून एकटाच निघून जातो, स्वतःची चिता स्वतः रचायला.

आता जपानकडे येऊ. हीच गोष्ट जपाननं १३३ वर्षांनी पुन्हा सांगितली आणि तिच्यातली एकच गोष्ट बदलली. १९५१ मध्ये तेझुका ओसामु यांनी ‘शोनेन’ मासिकात ‘अतोमु ताइशी’ म्हणजे ‘राजदूत ॲटम’ ही चित्रकथा सुरू केली. पुढच्या वर्षी त्यातूनच ‘तेत्सुवान अतोमु’ आला, ज्याला जग ॲस्ट्रो बॉय म्हणतं. १ जानेवारी १९६३ पासून तो टीव्हीवर आला.

ॲटमचा जन्म आठवा. विज्ञान खात्याचे डॉक्टर तेन्मा यांचा मुलगा तोबिओ अपघातात जातो. दुःखानं वेडेपिसे झालेले तेन्मा त्याच्यासारखाच एक यंत्रमुलगा बनवतात. काही काळ लाड करतात. मग त्यांच्या लक्षात येतं, की हा उंच होत नाही, वाढत नाही. ते चिडतात आणि त्याला सर्कशीला विकून टाकतात. इथपर्यंत तेन्मा म्हणजे हुबेहूब व्हिक्टर. दोघांनी मृत्यूवर मात करायला जीव घडवला आणि तो मनासारखा निघाला नाही म्हणून टाकून दिला. तेझुकांना हे नातं ठाऊक होतं हे उघड आहे. ॲटमच्या मालिकेतच ‘फ्रँकेन्स्टाइन’ नावाची एक गोष्ट आहे.

पण सर्कशीतून ॲटमला बाहेर काढतात ते प्रोफेसर ओचानोमिझु. तोक्योतल्या स्टेशनाचं नाव आणि भलं मोठं नाक असलेले हे गृहस्थ. ते पुढे काय करतात ते नीट बघा. ते ॲटमला शाळेत घालतात. त्याला यंत्राचेच पण आई-वडील करून देतात. पुढे उरान नावाची बहीण येते. म्हणजे व्हिक्टरनं जे जे नाकारलं, ते ते हा माणूस एकेक करून पुरवतो. नाव, घर, शाळा, आपल्यासारखं दुसरं कुणीतरी. ॲटममध्येही प्रचंड ताकद आहे. तो एक घर काय, एक शहर उलथवू शकतो. तो तसं करत नाही, कारण संध्याकाळी त्याला परत जायला घर आहे. ओचानोमिझु ॲटमचे जनक नव्हेत. ते त्याचे होशोनिन आहेत.

तेझुकांच्या मनात हे कुठून आलं? युद्धानंतर जपानवर अमेरिकी सैन्याचा ताबा होता. त्या काळात भाषा न कळल्यानं अमेरिकी सैनिकांकडून मार खाल्ल्याचा अनुभव तेझुकांनी सांगितला आहे. एकमेकांना न समजणारी दोन जगं हा विषय त्यांच्या कथांत सतत येतो. ‘राजदूत ॲटम’मध्ये अंतराळातून आलेली, पृथ्वीवरच्या माणसांसारखीच दिसणारी माणसं आणि पृथ्वीवासी यांच्यात तंटा पेटतो. तो मिटवायला ॲटमला पाठवतात, कारण तो धड इकडचाही नाही आणि धड तिकडचाही नाही. घरी मराठी आणि शाळेत जपानी बोलणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर वाचायला द्या. धड इकडचं ना तिकडचं, हे आपण दुखणं म्हणून सांगतो. तेझुकांनी त्याला राजदूत केलं.

इथे कुणी म्हणेल, ॲटम दिसायला गोजिरवाणा आहे हो, त्या आठ फुटी देहाचं काय? हा आक्षेप खरा आहे. १९७० मध्ये मोरी मासाहिरो या जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञानं ‘बुकिमी नो तानी’ ही कल्पना मांडली. यंत्र माणसासारखं दिसू लागलं की आपल्याला ते आवडत जातं, पण जवळजवळ माणसासारखं आणि तरीही पूर्ण माणूस नाही, अशा टप्प्यावर अचानक अंगावर काटा येतो. व्हिक्टर नेमका तिथेच दचकला. दचकणं कुणाच्याच हातात नसतं. आजोबा दचकले नाहीत, कारण त्यांना दिसत नव्हतं. प्रश्न दचकल्यानंतरच्या दुसऱ्या मिनिटाचा आहे. पळायचं, काठी उचलायची, की “बसा” म्हणायचं?

हा प्रश्न गोष्टीपुरता नाही. जपाननं फेब्रुवारी २०२१ मध्ये एकटेपणा आणि एकाकीपणा या विषयासाठी मंत्री नेमला. त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. सरकारच्या २०२२ च्या पाहणीवरून १५ ते ६४ वयाचे सुमारे १४ लाख ६० हजार लोक हिकिकोमोरी, म्हणजे घराबाहेरच्या जगापासून तुटून राहणारे, असल्याचा अंदाज आहे. एवढ्या दाट वस्तीच्या, वेळेवर गाड्या धावणाऱ्या देशात हे घडतं. तेव्हा एकटेपण म्हणजे माणसं कमी असणं, हे समीकरण काही खरं नाही.

आणि आपण? निशिकासाईसारख्या भागात आपली माणसं भरपूर दिसतात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, तिकडची नोकरी सोडून इथे दुपारभर खिडकीत बसणारी मुलगी आपल्याच इमारतीत असते. ९० दिवसांच्या व्हिसावर आलेले आई-बाबा असतात. मुलगा-सून ऑफिसला गेले की त्यांना लिफ्टमध्ये “कोन्निचिवा” म्हणायचाही धीर होत नाही. वर्षाच्या मध्येच शाळेत घातलेलं पोर असतं. मधल्या सुट्टीत ते फटीतून इतरांचा खेळ बघत असतं. त्यांच्याबद्दल आपल्याला वाईट वाटतं, आणि ते वाटणं अगदी प्रामाणिक असतं. व्हिक्टरचंही प्रामाणिकच होतं.

ओचानोमिझुंची पद्धत साधी आहे. वाईट वाटलं की एक काम करायचं. त्या मुलीला पहिल्यांदा वॉर्ड ऑफिसच्या जपानी वर्गाला स्वतः घेऊन जा, पत्ता पाठवून थांबू नका. आजी-आजोबांची खालच्या दुकानदाराशी नाव सांगून ओळख करून द्या. त्या पोराला तुमच्या मुलाबरोबर शनिवारी बागेत न्या. “हे आमचे” एवढे दोन शब्द चारचौघांत म्हणा. बारसं म्हणजे तरी दुसरं काय असतं?

जाता जाता वाचनाचं. पूर्ण कादंबरी जड वाटली तर १८३१ च्या सुधारित आवृत्तीतली ११ ते १६ ही प्रकरणं आधी वाचा. तिथे तो स्वतः बोलतो. मोठ्यानं वाचा आणि ऐकणाऱ्याला डोळे मिटायला सांगा. मुलांसाठी ॲटमच्या चित्रकथा इथल्या ग्रंथालयांत मिळतात. आणि कधी यामानोते लाइननं ताकादानोबाबाला उतरलात, तर ॲटमचं नाव काढा. गोष्टीत त्याचा जन्म ७ एप्रिल २००३ चा दाखवला आहे. ते साल खरोखर उजाडलं, तेव्हा या स्टेशनात गाडी सुटताना त्याच्या मालिकेच्या गाण्याची धून वाजू लागली आणि सायतामातल्या निइझा शहरानं त्याला रहिवासी म्हणून नोंदवून घेतलं. कागदावरच्या एका यंत्राच्या पोराला या देशानं पत्ता दिला. आपल्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या घराला निदान एक चहा तरी देऊ या.